मुलांचे कुतूहल आणि त्रिरश्मी लेणी

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मुलांना त्रिरश्मी लेण्यांवर नेण्याचा उपक्रम आम्ही बरीच वर्षे करीत आहोत. सुरुवातीला आम्ही काय करीत होतो, ते आधी प्रांजळपणे सांगतो. मुले रांगेत उभी करायची. गौतमीपुत्र सातकर्णी, नहपान, उषवदात ही नावे सांगायची. मुलांनी ती वहीत उतरवायची, आणि मग डबे उघडायचे. एका वर्षी एका मुलीने विचारले, "सर, ही अक्षरं पहिल्यांदा कुणी वाचली?" आम्ही म्हणालो, "ते पुढच्या इयत्तेत येईल." परत येईपर्यंत तिने दुसरा प्रश्न विचारला नाही.

ही गोष्ट आम्हाला अजून बोचते. आपल्यापैकी अनेकांच्या घरांत अक्षर येऊन दोन-तीन पिढ्याच झाल्या आहेत. गुरुजींना उलट विचारणे म्हणजे उद्धटपणा, ही भीती आईबापांनीच काळजीपोटी मुलांच्या मनात घातलेली असते. त्यात आम्ही भर घातली.

वास्तविक तिच्या प्रश्नाचे उत्तर किती सुरेख होते! कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांच्या लक्षात आले की, सांचीच्या लहान लहान लेखांच्या शेवटी तीच ती दोन अक्षरे येतात. इतकी माणसे एकाच जागी एकच शब्द का कोरतील? 'दान' दिले म्हणून! त्या तर्कावरून अक्षरे हाती लागत गेली आणि १८३७ साली ब्राह्मी लिपी उलगडली. हे काम म्हणजे एक कोडेच होते, आणि कोडी सोडवायला मुलांना कोणी शिकवावे लागत नाही.

पुढे आम्ही रीत बदलली. आता लेणे क्रमांक १० च्या ओसरीत मुलांना बसवतो आणि उषवदाताच्या लेखाचा साधा मराठी अर्थ लिहिलेला कागद हातात देतो. नहपानाच्या या जावयाने भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. २००० वर दरमहा शेकडा एक व्याज, १००० वर दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. २००० च्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे. एवढेच कागदावर असते. पुढे आम्ही तोंड मिटून बसतो. (शिक्षकाला याहून अवघड काम नाही, हे येथे बसलेले शिक्षक बंधू जाणतात.)

मागील खेपेला नापासाचा शिक्का बसलेला एक मुलगा जमिनीवर बोटाने आकडे मांडीत होता. महिन्याचे २०, वर्षाचे २४०. मग त्याने २० ला १२ ने गुणले आणि ओरडलाच, "सर, बरोब्बर जुळतंय!" सरळव्याज त्याच्या पुस्तकातही होतेच, तेथे ते त्याला शत्रू वाटत होते. येथे मात्र सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या माणसाचा हिशेब त्याने स्वतः तपासला होता. लगेच दुसरीने विचारले, विणकरांना इतके व्याज परवडत कसे होते? त्यावर आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. तसे आम्ही तिला सांगितले, आणि ती खट्टू झाली नाही.

उतरायच्या वेळी एक चिमुरडी म्हणाली, "वीस भिक्खू राहायचे, तर खोल्या किती आहेत?" सगळी मुले मोजायला आत धावली. आकडा निघाला, त्यावर भांडण झाले, म्हणून पुन्हा मोजले. तो आकडा आम्ही येथे सांगत नाही. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत जा, ओसरीच्या दोन्ही टोकांकडेही बघा, आणि पुढच्या बैठकीला मोजून या.