दुसऱ्याच्या मालकीचा कोड



येत्या काही महिन्यांत, या सभागृहात आज पदवी स्वीकारणारे अनेक स्नातक हिंजवडी, मगरपट्टा किंवा ऐरोलीतल्या एखाद्या कंपनीत रुजू होतील. लॅपटॉप मिळेल, गोपनीयतेच्या करारावर सही होईल आणि सातासमुद्रापलीकडच्या क्लायंटची रेपॉझिटरी समोर उघडेल. त्या कोडमध्ये कुणाची तरी वर्षानुवर्षांची मेहनत असते. ती सांभाळण्याची जबाबदारी कागदोपत्री कंपनीची असली, तरी प्रत्यक्षात ती कीबोर्डपुढे बसलेल्या अभियंत्याच्या हाती येते.

२००२ मधलं एक प्रकरण यासाठी मुळातून समजून घ्यायला हवं. अमेरिकेतल्या सॉलिडवर्क्सने आपल्या त्रिमितीय डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधले दोष काढण्याचं काम मुंबईच्या जिओमेट्रिक सॉफ्टवेअरला दिलं होतं. जिओमेट्रिकच्या एका माजी कर्मचाऱ्याने तो सोर्स कोड प्रतिस्पर्धी कंपन्यांना विकायला काढला, असा आरोप झाला. गोष्ट एफबीआयच्या कानावर गेली. एफबीआयची अधिकारी खरेदीदार बनून दिल्लीच्या हॉटेलात आली, सौदा दोन लाख डॉलरला ठरला आणि सीबीआयने त्या तरुणाला अटक केली.

पेच पडला तो त्यानंतर. कोड सॉलिडवर्क्सचा होता. ज्या कंपनीत तो तरुण कामाला होता, तिची त्यावर मालकी नव्हती. शिवाय व्यापारी गुपिताची चोरी हा गुन्हा भारतीय कायद्यात स्वतंत्रपणे नव्हताच. पुढे २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात सोर्स कोडच्या चोरीचा स्पष्ट उल्लेख आला. अप्रामाणिक हेतू सिद्ध झाल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा करावा, ही शिफारस विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये आपल्या २८९व्या अहवालात केली.

करारातली त्रुटीही तितकीच महागात पडते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, कर्मचाऱ्याने नोकरीत लिहिलेल्या प्रोग्रामची मालकी त्याच्या कंपनीकडे जाते, क्लायंटकडे नव्हे. क्लायंटला ती लेखी हस्तांतराने घ्यावी लागते. त्या हस्तांतरात मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. प्रदेश लिहिला नसेल, तर हक्क भारतापुरताच मानला जातो. बर्लिनमधल्या एखाद्या उद्योजकाने पूर्ण पैसे मोजून पुण्यात सॉफ्टवेअर करून घेतलं आणि ही दोन वाक्यं राहून गेली, तर त्याच्या हाती काय उरेल?

काही वेळा चोरीचा हेतूच नसतो, तरी नुकसान होतं. टोयोटाच्या टी-कनेक्ट सेवेच्या कोडचा काही भाग एका उपकंत्राटदाराने डिसेंबर २०१७ मध्ये गिटहबवर टाकला आणि ती रेपॉझिटरी सार्वजनिक राहिली. कोडमध्येच डेटा सर्व्हरची ॲक्सेस की लिहिलेली होती. सप्टेंबर २०२२ पर्यंत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. २,९६,०१९ ग्राहकांचे ई-मेल पत्ते उघडे पडल्याची शक्यता टोयोटाला जाहीर करावी लागली. २०२३ मध्ये सॅमसंगच्या अभियंत्यांनी अंतर्गत कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झालं आणि कंपनीने अशा साधनांच्या वापरावर बंदी घातली. डेडलाइन जवळ आलेली असताना असा मोह कुठल्याही टीममध्ये होऊ शकतो.

म्हणून नव्या अभियंत्याने रुजू होताच चार गोष्टी विचारून घ्याव्यात. या कोडची मालकी कुणाची? यातल्या ओपन सोर्स घटकांच्या लायसन्सच्या अटी काय? कुठली एआय साधनं वापरायला परवानगी आहे? प्रकल्प सोडताना कुठला ॲक्सेस परत द्यायचा? पासवर्ड आणि की कोडमध्ये लिहू नयेत, क्लायंटची एकही फाइल स्वतःच्या ड्राइव्हवर नेऊ नये. वरिष्ठांनी ‘चालतंय, टाक’ म्हटलं, तर तेवढं ई-मेलवर लिहून मागावं. त्यात उर्मटपणा काही नाही.

या स्नातकांपैकी काही जण उद्या स्वतःचं प्रॉडक्ट उभारतील आणि त्याचा काही भाग नाशिकच्या, कोल्हापूरच्या किंवा व्हिएतनामच्या टीमकडून करून घेतील. तेव्हा हस्तांतराची कलमं त्यांनी वकिलाकडून आधी तपासून घ्यावीत आणि बाहेरच्या टीमला लागेल तेवढाच कोड दाखवावा.