चौदा फुटांची गाडी सात इंचांत
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



दर महिन्याच्या सभेत आपल्यापैकी एकीने आपल्या हातची एखादी कला सांगावी, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. लोकरीचे विणकाम, कागदी फुले, रुखवताचे सामान असे पुष्कळ आपण ऐकले. माझा विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा मागच्या रांगेत थोडी खसखस पिकली, ती मी ऐकली बरे का! मी ट्रक करते. ओंजळीत मावतील एवढे, पण मापाबरहुकूम. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा व्याख्यान मला जमायचे नाही. हाताने जे करते तेवढेच सांगते.

खेळण्यातला ट्रक वेगळा आणि ही प्रतिकृती वेगळी. भातुकलीतले पातेले चुलीपेक्षा मोठे असले तरी पोरींचे काही अडत नाही. प्रतिकृतीत तसे चालत नाही. चाक, दार, आरसा, प्रत्येक भाग एकाच प्रमाणात लहान झाला पाहिजे.

परदेशांत हा छंद चांगलाच रुजलेला आहे. इटलीची इटालेरी कंपनी २४ पटींनी लहान ट्रकचे सुटे भाग पेटीत घालून विकते. अमेरिकेच्या एएमटी कंपनीचे ट्रक २५ पटींनी लहान असतात. जपानच्या तामिया कंपनीचे १४ पटींनी लहान ट्रक तर दुरून कळ दाबून चालवताही येतात. हौशी मंडळी ते नुसते जोडून थांबत नाहीत. रंग बदलतात, हौदा बदलतात, आपल्या मनाची गाडी करतात. पण त्या पेट्या महाग, आणि आपल्या रस्त्यावरची गाडी त्यांत सहसा मिळत नाही. म्हणून मी पुठ्ठा हाती घेतला.

माप मुळीच अवघड नाही. २४ पटींनी लहान म्हणजे खऱ्या गाडीचा एक फूट आपल्याकडे अर्धा इंच. शिवणाची टेप घ्यावी आणि उभ्या गाडीची मापे वहीत उतरवावी. चौदा फुटी हौदा सात इंचांचा होतो. सात फूट रुंदी साडेतीन इंचांची होते. चाकाचा व्यास ८६ सेंटिमीटर भरला, तर आपले चाक ३.६ सेंटिमीटरचे. जिला ब्लाउज बेतता येतो तिला ट्रक बेतता येतो, हे मी अनुभवाने सांगते.

सामान बहुतेक घरातलेच. चासीला वहीचा जाड पुठ्ठा, केबिनला जुन्या लग्नपत्रिका, हौद्याच्या फळ्यांना आईस्क्रीमच्या काड्या, काचांना शर्टाच्या खोक्यावरचे पारदर्शक प्लॅस्टिक. चाकासाठी पुठ्ठ्याच्या गोल चकत्या एकावर एक चिकटवून वर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळावी. मागे दोन्ही बाजूंना जोडचाके असतात, म्हणून सहा चाके आणि एक स्टेपनी मिळून सात लागतात. पाट्यांसाठी पत्रिकेच्या अरुंद पट्ट्या कापाव्या; सर्वांत लांब वर, मग उतरत्या लांबीच्या खाली. ताडपत्रीला अस्तराचा तुकडा पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून हौद्यावरच वाळू द्यावा, म्हणजे घड्या खऱ्यासारख्या बसतात. चिकटवलेला भाग रात्रभर पोळपाटाखाली दाबून ठेवावा आणि कडा पॉलिश पेपरने घासून मगच रंग द्यावा.

खरी गंमत पुढे आहे. आपल्याकडे पुष्कळ ट्रकांची चासी कारखान्यातून येते आणि हौदा वेगळ्या ठिकाणी बांधला जातो. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तरी सारख्या दिसत नाहीत. कोणाच्या कपाळावर कुलदैवत, कोणाच्या मागे मुलांची नावे, कोठे लिंबू-मिरची, कोठे काळी बाहुली. पण सजावटीतही काळ सांभाळावा लागतो. जुनी गाडी करायची तर तिच्यावर ‘पब्लिक कॅरिअर’ लिहावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतर तो प्रकार गेला आणि ‘गुड्स कॅरिअर’ आले. नॅशनल परमिटच्या गाड्या पूर्वी सुक्या पानाच्या तपकिरी रंगाच्या, पांढऱ्या काठाच्या असत. फाळक्यावरचे ‘हॉर्न ओके प्लीज’ महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंद करण्यात आले. चमकणारी पट्टी पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल. नंबरपट्टी पिवळी, अक्षरे काळी.

आता काही भगिनी विचारतात, एवढा खटाटोप कशाला? याने चार पैसे मिळतात का? मिळत नाहीत. काय मिळते ते सांगते.

आमच्या ह्यांनी बावीस वर्षे ट्रक चालवला. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा, २०२१ मध्ये, गाडी विकली. त्यानंतर दिवसभर ते खिडकीशी बसून असत. विचारले तेवढ्यालाच उत्तर. मी त्यांचीच गाडी करायला घेतली. विकताना काढलेले फोटो होते, मापे जुन्या कागदांत सापडली. आठवडाभर ते लांबून पाहत होते. मग एके दुपारी जवळ आले आणि म्हणाले, “दोरी बांधायचे हूक खाली असतात, वर नाही. आणि हौद्याला आतून रंग कशाला दिलास? माल घासून घासून आतला रंग उरतो कुठे?” मी हूक खाली घेतले, आतला रंग घासून काढला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “उजव्या दारावर, खिडकीखाली रंग उडालेला दाखव. माझे कोपर तिथे असायचे.”

भगिनींनो, बावीस वर्षांत त्या कोपराचा मी कधी विचार केला नव्हता. ते कोपर दाखवता दाखवता घाट निघाला. ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे, हे निघाले. पावसात ताडपत्री बांधताना कापलेली बोटे निघाली. दिवाळीला घरी येतो म्हणून वाटेत अडकलेल्या दोन रात्री निघाल्या. मी त्या रात्री मुलांना समजावत होते आणि ते केबिनमध्ये स्टोव्ह पेटवून भात शिजवत होते. घरी येणारा पैसा मला ठाऊक होता. तो कसा येत होता हे मला सात इंचांच्या गाडीने सांगितले. आता दुसऱ्या गाडीचे पाटे ते स्वतः कापतात, आणि माझ्यापेक्षा बारीक कापतात.

आपल्या आळीत कोणाचे घर रिक्षावर चालते, कोणाचे टेम्पोवर, कोणाचा मुलगा एस. टी. वर कंडक्टर आहे. त्या गाडीचे माप एकदा टेप घेऊन घ्या. माप घेताना चालवणाऱ्याला विचारावे लागते, आणि विचारले की माणूस बोलू लागतो. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी गुरुवारी दुपारी माझ्या घरी यावे. पुठ्ठा माझ्याकडे आहे. टेप तेवढी आपापली आणावी.