वॉरंटी आणि जालन्याचा रस्ता

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजाराकरिता प्रसिद्ध आहे. मिरचीच्या पैशातून मुलीच्या शिक्षणासाठी घेतलेला लॅपटॉप वॉरंटीच्या मुदतीत बिघडला, तर कंपनी दूरच्या शहरातील दुरुस्तीकेंद्राकडे बोट दाखविते. तीन खेपा घालूनही दोष कायमच! १९८६ च्या कायद्यान्वये दाद मागावयास प्रतिपक्षाच्या किंवा व्यवहाराच्या गावी जावे लागे. जुलै २०२० पासून अमलात आलेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये मात्र आपल्याच जिल्ह्यात, जालन्याच्या आयोगापुढे, दोन वर्षांच्या आत तक्रार मांडता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्कही नाही. ही सवलत मला फार मोलाची वाटते. पण पुरावा हवा. म्हणून प्रत्येक खेपेस दोष व तारीख नमूद केलेली पावती मागून घ्यावी. ‘तपासले, ठीक आहे’ एवढ्यावर सही करू नये.