आमवात, आतडे आणि छाती



डॉक्टर ज्यास ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, त्याच्याशी बराच जुळणारा आमवात हजार वर्षांहून जुन्या माधवनिदानात वर्णिलेला आहे. अग्नी मंदावला की न पचलेल्या अन्नाचा आम होतो व तो सांध्यांत जाऊन बसतो, असा ग्रंथकाराचा विचार. त्यास आजचे जंतुशास्त्र ठाऊक होते असे आम्ही म्हणणार नाही. तसली बढाई पुष्कळ ऐकून झाली आहे. परंतु सांध्याच्या दुखण्याचे मूळ पोटात शोधणे हा काही वेडेपणा नव्हता.

२०१३ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांना नव्यानेच आमवात जडलेल्या रोग्यांच्या आतड्यांत 'प्रिव्होटेला कोप्री' हे जंतू निरोगी माणसांपेक्षा अधिक वेळा आढळले. जंतूंमुळे रोग झाला, की रोगामुळे जंतू माजले, हे एवढ्यावरून ठरत नाही. पुढे २०१७ साली अ‍ॅरिझोनातील प्रयोगात, आमवात होणाऱ्या जातीच्या उंदरांच्या आतड्यांत दोऱ्यासारखे लांब जंतू वाढू दिले, तेव्हा विकार फुफ्फुसांत उमटला! आतड्यात तयार झालेल्या काही पांढऱ्या पेशी तेथे पोचल्या होत्या. चोर धरावयास निघालेल्या शिपायाच्या खिशात घरधन्याच्याही नावाचे वॉरंट असावे, तशी ही पेशी जंतूंसही ओळखते आणि स्वतःच्या शरीरासही.

हे झाले उंदरांचे. माणसात हाच मार्ग असल्याचे अद्याप सिद्ध नाही. तेव्हा जंतूंच्या पुड्या विकून आमवात बरा करू म्हणणाऱ्यास आपण दारातूनच नमस्कार करावा.

माणसाची छाती मात्र या रोगात खरोखरच बिघडते. १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांनी पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घरोघर पाहणी सुरू केली. तीत प्रौढांपैकी दोनशेंत सुमारे एकास हा आमवात आढळला. पुरुषांपेक्षा बायकांत तो अधिक. बोटे सुजलेली बाई रामकुंडाच्या पायऱ्या चढताना दम लागून थांबते, कोरडा खोकला काढते, आणि घरचे म्हणतात, वय झाले. वास्तविक फुफ्फुसातील नाजूक पडदे सुजून त्यांवर वण धरत असतो. वण धरलेला भाग पुन्हा मऊ होत नाही. म्हणून अशा रोग्याची छाती डॉक्टरांकडून वेळीच तपासून घ्यावी. विडी ओढणाऱ्याने तर अगोदर. मेथोट्रेक्सेटच्या गोळीने क्वचित छातीस अपाय होतो हे खरे, पण ती परस्पर बंद करू नये. नवा खोकला वा दम सुरू झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे. गोळीचे काय करावयाचे ते तेच सांगतील.