उगमाचा वाद आणि वादाचे नियम



आपल्या न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य जाणण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याचे म्हणणे केवळ खोडीत राहणे ही वितंडा. २०१९ च्या अखेरीस वुहान येथे प्रकटलेला करोना विषाणू प्राण्यांकडून माणसात आला की प्रयोगशाळेतून निसटला, या प्रश्नावर जल्प आणि वितंडा पुष्कळ झाली. वाद फार थोडा झाला. तो कसा व्हावा, हे दोन जुन्या प्रकरणांच्या आधारे मांडावे असे मला वाटते.

एप्रिल १९७९ मध्ये सोव्हिएत संघातील स्वेर्दलोव्स्क शहरात अँथ्रॅक्सने निदान ६६ माणसे दगावली. दूषित मांसामुळे हे घडले, असे सरकारने सांगितले. रुग्णालयांतील कागदपत्रे गुप्त पोलिसांनी उचलून नेली. परंतु फाइना अब्रामोव्हा व लेव ग्रिनबर्ग या दोन डॉक्टरांनी शवविच्छेदनातील नमुने जपून ठेवले. हार्वर्ड विद्यापीठाचे मॅथ्यू मेसेलसन यांना १९८० च्या दशकात सरकारी खुलासा पटण्याजोगा वाटला होता. सोव्हिएत सत्ता कोसळल्यावर त्यांनी आपल्या पथकासह तेथे जाऊन घरोघर चौकशी केली. बळी पडलेली माणसे त्या दिवशी कोठे होती आणि वारा कोणीकडे वाहत होता, याचा नकाशा तयार झाला. लष्करी प्रयोगशाळेपासून वाऱ्याच्या दिशेने निघणाऱ्या एका अरुंद पट्ट्यात जवळजवळ सारे बळी होते. त्याच रेषेवर पुढच्या गावांतील जनावरे मेली होती. १९९४ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

दुसरे प्रकरण आपल्या दिल्लीतले. जुलै १९८३ मध्ये ‘पेट्रियट’ या दैनिकाने एक निनावी पत्र छापले. एड्स हा रोग अमेरिकी लष्कराच्या प्रयोगांतून निर्माण झाला, असा त्यात दावा होता. सोव्हिएत गुप्तहेर यंत्रणेने तो पुढे देशोदेशी पसरविला. परंतु किन्शासा येथे १९५९ साली घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यात तो विषाणू आढळला. जनुके जोडण्याचे तंत्र मात्र १९७० च्या दशकातले. हा विषाणू मध्य आफ्रिकेतील चिंपांझींकडून माणसात आला, हे आता सर्वमान्य आहे.

एकाच सत्तेने एक खरी गळती नाकारली आणि एक खोटी रचली. प्रयोगशाळेवरचा संशय एकदा खरा ठरला, एकदा खोटा. दोन्ही वेळी निकाल लावला तो नमुन्यांनी, नकाशांनी आणि तारखांनी. कोणाच्या निष्ठेने नव्हे.

वुहानच्या बाबतीत हे भान दोन्ही बाजूंना राहिले नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये २७ शास्त्रज्ञांनी पत्रक काढले आणि विषाणू नैसर्गिक नाही असे सुचविणाऱ्यांना कटकल्पनांच्या रांगेत बसविले. पत्रकासाठी पुढाकार घेणाऱ्याची संस्था वुहानच्या संस्थेबरोबर संशोधन करीत होती. त्या पत्रकात याचा उल्लेख नव्हता. विषाणू मानवनिर्मित असल्याचे मजकूर फेसबुकने फेब्रुवारी २०२१ पासून काढून टाकले आणि मे महिन्यात ती बंदी मागे घेतली. तोंड बंद केल्याने संशय मरत नाही; तो तळघरात वाढतो.

दुसऱ्या बाजूने तर विवेकच सोडला. मुद्दाम बनविलेले शस्त्र आणि संशोधनातील अपघात हे अगदी निराळे आरोप. त्यांची एकच मोळी बांधली गेली. चिनी शासनावरचा राग चिनी चेहऱ्यावर काढला गेला. २०२० साली आपल्याच शहरांत ईशान्य भारतातील तरुणांना ‘करोना’ म्हणून हिणविण्यात आले. विषाणूच्या उगमाशी त्यांचा काय संबंध?

पुरावा काय सांगतो? प्रारंभीचे रुग्ण हुआनान बाजाराभोवती एकवटलेले होते आणि तेथे जिवंत वन्य प्राणी विकले जात. परंतु तेथील एकही प्राणी बाधित असल्याचे सिद्ध झालेले नाही, आणि वटवाघळांतील करोना विषाणूंवर संशोधन करणारी मोठी संस्था त्याच शहरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने जून २०२५ मध्ये म्हटले की उपलब्ध पुराव्याचा कौल प्राण्यांकडे आहे. मात्र चीनने मागितलेली माहिती न दिल्यामुळे प्रयोगशाळेची शक्यता तपासताही येत नाही आणि वगळताही येत नाही.

तेव्हा पहिला नियम असा की प्रश्न विचारण्यास बंदी नसावी, आणि उत्तराला पुराव्यावाचून मान्यता नसावी. दुसरा, कोणता पुरावा मिळाला तर मी माझे मत बदलीन, हे प्रत्येकाने आधी सांगावे. मेसेलसन यांचा आदर्श तोच आहे. तिसरा, आरोप शासनावर करावा, लोकांवर नव्हे.

चौथा नियम अर्थशास्त्राचा आहे. कारखान्याचा धूर मालकाच्या खतावणीत दिसत नाही. तो शेजाऱ्याच्या फुप्फुसात जातो. धोकादायक संशोधनाचेही तसेच आहे. अपघाताची किंमत ज्यांनी मोजावयाची, त्यांच्यापासून अपघाताची नोंद लपविण्याचा हक्क कोणत्याही शासनाला नाही. विषाणूला पारपत्र लागत नाही. म्हणून त्याच्या उगमाची दप्तरे कोणा एका राष्ट्राची खासगी मालमत्ता असू शकत नाहीत.

हा नियम केवळ चीनसाठी नाही. अत्युच्च जैवसुरक्षेची प्रयोगशाळा आपल्या पुण्यातही आहे, आणि तिची आपल्याला गरजही आहे. निपाहसारख्या विषाणूंचा अभ्यास अन्यत्र कोठे करणार? परंतु बीजिंगकडे जी पारदर्शकता आपण मागतो, तीच दिल्लीकडे आणि वॉशिंग्टनकडे मागण्याची तयारी असेल, तरच त्या मागणीला वाद म्हणता येईल. एरवी तो जल्पच.