राग ओळखला, पुढे काय?



प्रमुख पाहुण्यांचं भाषण हा स्नेहसंमेलनातला सगळ्यांत नावडता कार्यक्रम असतो, याची मला कल्पना आहे. त्यात आज माझ्यानंतर बक्षिसं आहेत आणि बक्षिसांनंतर ऑर्केस्ट्रा. म्हणजे तुम्ही माझं भाषण ऐकणार नाही, सोसणार आहात. पण निमंत्रण संगीत विभागाचं आहे, तेव्हा गाण्याबद्दलच बोलतो.

दुपारी इथे एक नाट्यपद झालं, एक भारूड झालं आणि मग हलगी कडाडली तेव्हा मागच्या रांगेतले सरसुद्धा उठून उभे राहिले. नाट्यपद चालू असताना माझ्या पुढे बसलेल्या दोघांचा वाद चालला होता, हा राग भीमपलास की धानी? वाद चांगलाच रंगला. शेवटी पेटीवाल्या मुलाने उत्तर दिलं आणि दोघेही गप्प झाले. माझी तक्रार या गप्प होण्याबद्दल आहे. शब्दकोडं सुटलं की पेपर रद्दीत जातो, तसं राग ओळखला की आपल्यासाठी ते गाणं संपतं. गाण्याचा अभ्यास खरं तर तिथून सुरू व्हायला हवा.

एक साधा प्रयोग सांगतो. पेटीवर सा, रे, ग, प, ध हे पाच स्वर वाजवा. हा भूप की देशकार? नुसत्या स्वरांवरून सांगता येणार नाही, कारण दोन्ही रागांत हेच पाच स्वर आहेत. भूपात मान गंधाराला, त्याचा वावर सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात जास्त, आणि तो रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात. देशकारात मान धैवताला, ओढ वरच्या षड्जाकडे, आणि तो सकाळचा. भातखंड्यांनी भूप कल्याण थाटात ठेवला आणि देशकार बिलावल थाटात. आता कल्याण आणि बिलावल यांच्यात फरक फक्त मध्यमाचा आहे, एकाचा तीव्र आणि दुसऱ्याचा शुद्ध. आणि या दोन्ही रागांत मध्यम मुळी लागतच नाही! मग भातखंड्यांनी हे ठरवलं कशावरून? राग चालतो कसा, कुठे थांबतो, कोणत्या स्वरावर रेंगाळतो, यावरून. स्वर मोजून ते कळलं नसतं. ते कानाने ठरवलं.

विष्णु नारायण भातखंडे हे मुंबईचे, वाळकेश्वरचे. जन्म 1860 चा, शिक्षण वकिलीचं. या वकिलाने देशभर हिंडून जुने ग्रंथ तपासले, उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, त्यांची स्वरलिपी केली. सम दाखवायला फुली, खालीला शून्य, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. तुमच्या क्रमिक पुस्तकांत तुम्ही रोज पाहता ती ही लिपी. त्यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ चार भागांत आहे आणि ती मराठीत आहे. शिष्य विचारतो, गुरू सांगतो, अशा गप्पांच्या घाटात लिहिलेली. तुमच्या ग्रंथालयात ती असेल तर एकदा तरी काढून वाचा. शिष्य अडचणीचे प्रश्न विचारतो आणि गुरू कधी कधी चिडल्यासारखा वाटतो, त्यात फार मजा आहे. राग दहा थाटांत बसवायच्या त्यांच्या मांडणीवर टीका झाली आणि ती रास्तही आहे. पटदीप कोणत्या थाटात घालाल? मधुवंती कुठे बसवाल? बसत नाहीत. पण त्यांची मांडणी कुठे अडते हे दाखवायलासुद्धा आपण पुन्हा त्यांचेच शब्द, त्यांचीच लिपी वापरतो. अभ्यासकाचा मोठेपणा मी यात मानतो.

आता मैफलीतून जरा बाहेर येऊ. ‘गीतरामायण’ तुमच्या आजी-आजोबांना पाठ असेल. 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ते सुरू झालं आणि सुमारे वर्षभर चाललं. 56 गीतं, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. पहिलं गीत भूपात आहे. राग ओळखला? छान. आता पुढचे प्रश्न. रामाच्या पुढ्यात दोन लहान मुलं रामाचीच कथा गाताहेत, अशा प्रसंगाला भूपच का? मारव्यासारखा षड्ज टाळत हुरहूर लावणारा राग फडक्यांनी का घेतला नाही? माझं उत्तर असं की भूपाच्या पाच स्वरांत कुठेही अर्ध्या स्वराचं अंतर नाही. त्यामुळे त्याची चाल मोकळी, सरळ राहते. निरागस आवाजाला शोभते. दुसरं म्हणजे ही गाणी रेडिओवरची. रंगमंच नाही, चेहरा नाही, हातवारे नाहीत. कथा पुढे न्यायची ती फक्त शब्दाने. म्हणून फडक्यांच्या चालीत शब्दाचा ऱ्हस्व-दीर्घ मोडत नाही आणि तान आली तरी ती शब्दाला झाकत नाही. हे माझं मत म्हणून घेऊ नका. वही घ्या, एक गीत निवडा, प्रत्येक अक्षरावर किती स्वर आलेत ते लिहा आणि समेवर कोणता शब्द पडतो त्यावर खूण करा. मग त्याच वहीत एखादं नाट्यपद तसंच मांडा. फरक डोळ्यांना दिसेल.

नाट्यपदांचा विषय निघालाच आहे तर एक नोंद. 1882 चं किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ साकी, दिंडी, कामदा अशा कीर्तनातून आणि घरातून कानावर पडलेल्या चालींचा भरपूर आधार घेतं. खाडिलकरांच्या 1911 च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंबे पूरबी ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या चाली आणतात. 1916 च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखले ख्यालाच्या बंदिशीच रंगभूमीवर आणून बसवतात. पस्तीस वर्षांच्या आत केवढा पल्ला! पण याची किंमतही आहे. ब्रज भाषेतली बंदिश मोजक्या शब्दांची, स्वरान्त, मऊ. तिच्या जागी खाडिलकरांची जोडाक्षरं येतात तेव्हा गवयाला तान कुठल्या अक्षरावर घ्यायची हे शोधावं लागतं. काही पदांत ती जागा सुरेख सापडली आहे, काहींत शब्द चक्क चिरडले गेले आहेत. नाट्यसंगीतावर प्रेम करणाऱ्यांना हे बोललेलं आवडत नाही. मीही त्यांच्यातलाच एक आहे, तरी बोलतो.

मात्र आज मला सगळ्यांत जास्त सांगायचंय ते कुमार गंधर्वांबद्दल.

कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र कोमकळी, बेळगावजवळच्या सुळेभावीचा मुलगा, जन्म 1924 चा. लहानपणी हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब तसं गात असे. लोक थक्क होत. नुसती नक्कलच करायची असती तर आयुष्यभर तेवढ्यावर भागलं असतं. पुढे मुंबईत प्रोफेसर बी. आर. देवधरांकडे तालीम झाली आणि 1948 च्या सुमारास ते माळव्यात देवासला राहायला गेले. क्षयाने गाठलं होतं. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. भर उमेदीच्या वयातली सुमारे पाच वर्षं ते गायले नाहीत.

या काळात त्यांनी केलं काय? ऐकलं. देवासच्या आसपास लग्नकार्यात, सणावारी बाया गाणी म्हणत, भजनवाले जात, वाटसरू गात. ही गाणी आपणही ऐकतो आणि छान म्हणून सोडून देतो. त्यांनी ती गोळा केली, त्यांचं नोटेशन केलं आणि प्रत्येक धून निरखली. त्यांच्या असं ध्यानात आलं की यांतल्या कितीतरी धुना तीन-चार-पाच स्वरांतच फिरतात आणि तेवढ्यात पुरी गोष्ट सांगून होते. रागसंगीत सात-बारा स्वरांचा संसार मांडून जे सांगतं, त्याचं बीज या चार स्वरांत आहे. मग त्यांनी उलटा प्रवास केला. धुनेतलं चलन पकडलं, तिच्यात दडलेला राग बाहेर काढला, त्यात बंदिशी बांधल्या. मालवती, संजारी, लगनगंधार, मघवा, सहेली तोडी, अहिमोहिनी, असे कितीतरी. हे त्यांचे धुनउगम राग. 1965 साली आलेल्या ‘अनुपरागविलास’मध्ये त्या बंदिशी नोटेशनसकट आहेत, अगदी तुमच्यासारख्यांनी समोर ठेवून म्हणून पाहाव्यात म्हणून.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. त्यांनी लोकगीत उचलून मैफलीत गायलं आणि टाळ्या मिळवल्या, असं हे नाही. लोकगीतं त्यांनी लोकगीतं म्हणूनही सादर केली, तो कार्यक्रम वेगळा. रागात आणताना मात्र धून विरघळली पाहिजे, तिचा स्वभाव तेवढा राहिला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्यावर त्यांच्या हयातीत भरपूर वाद झाले. घराण्याची चौकट मानणाऱ्यांना ते पटलं नाही, हेही खरं.

याच धर्तीचं काम त्याआधी चाळीसेक वर्षं हंगेरीत सुरू झालं होतं. बेला बार्टोक हा तिथला मोठा संगीतकार. 1904 साली त्याने खेड्यातून आलेल्या एका मोलकरणीचं गाणं ऐकलं आणि त्याची झोप उडाली. शहरातल्या हॉटेलांत जिप्सी वाद्यवृंद वाजवत ते ‘हंगेरियन संगीत’, अशी तोवर समजूत होती. लिस्टसारख्या संगीतकारानेही तीच धरली होती. बार्टोक आणि त्याचा मित्र कोडाय मेणाच्या नळ्यांवर ध्वनी कोरणारा फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी गेले. शेतकऱ्यांची जुनी गाणी निराळीच निघाली, बरीचशी पाच स्वरांची. 1906 साली दोघांनी मिळून वीस गाणी छापली. पुढे नोटेशन करताना बार्टोक स्वरावर बारीक बाण काढी, इथे किंचित चढा, इथे किंचित उतरता. कारण गाणारी बाई पियानोच्या पट्ट्यांना बांधील नव्हती. आपल्या पेटीलाही हे लागू आहे, हे वेगळं सांगायला नको.

बार्टोकने लोकसंगीत वापरायच्या तीन वाटा सांगितल्या. एक, लोकधून जशीच्या तशी घ्यायची आणि तिला साथ द्यायची. दोन, लोकधुनेच्या वळणाची नवी धून करायची. तीन, धूनही नाही, नक्कलही नाही, पण सगळ्या रचनेला त्या मातीचा वास. मला हे माप फार उपयोगी वाटतं. राम कदमांची ‘पिंजरा’ चित्रपटातली लावणी या मापाने पाहा. 2016 च्या ‘सैराट’मध्ये अजय-अतुल हलगीही वाजवतात आणि सिम्फनी ऑर्केस्ट्राचं ध्वनिमुद्रण हॉलिवूडमध्ये जाऊन करतात, तिथे कोणतं गाणं कुठल्या वाटेचं, यावर तुमच्या वर्गात भांडण लावा. आणि हल्ली कुठल्याही चालीखाली ढोलकीचा लूप टाकून तिला लोकसंगीत म्हणतात, ते यांतल्या पहिल्या वाटेवरही बसत नाही. असो.

तुमच्याकडे बार्टोकपेक्षा सोय जास्त आहे. खिशातला फोन त्याच्या फोनोग्राफपेक्षा कितीतरी चांगलं ध्वनिमुद्रण करतो. जात्यावरच्या ओव्यांचं पाहा. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने गावोगावच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. काहींचं ध्वनिमुद्रण झालं. आता ग्रामीण भारताच्या ‘पारी’ या संग्रहाच्या संकेतस्थळावर त्यांतल्या कितीतरी कुणालाही वाचता-ऐकता येतात. त्या ऐकताना बघा, ओळ जात्याच्या फेऱ्याला कशी बांधलेली आहे, ‘गं बाई’ कुठे येतं आणि ते काढलं तर लय कुठे लंगडते. जातं घरातून गेलं, तेव्हा त्या लयीचं कारणच गेलं. नुसते शब्द वाचून ती लय सापडत नाही. त्यासाठी गाणारा गळा लागतो, आणि असे गळे आता फार उरलेले नाहीत.

म्हणून सुट्टीपुरतं एकच काम सांगतो. आपापल्या गावी जा. आजी असेल, भजनी मंडळातले काका असतील, देवीच्या जत्रेत संबळ वाजवणारा गोंधळी असेल. त्यांची परवानगी घ्या आणि एक गाणं, फक्त एक, नीट ध्वनिमुद्रित करा. कोणत्या प्रसंगी म्हणतात ते विचारा. मग ते भातखंडे लिपीत लिहा. जिथे पेटीचा स्वर जुळत नाही तिथे खुशाल बाण काढा. राग ओळखायची घाई करू नका, तो नसेलही. जूनमध्ये ती वही तुमच्या संगीत विभागात आणून द्या. विभागप्रमुखांशी मी बोललोय, त्यासाठी एक कपाट मोकळं ठेवतो म्हणालेत. आणि वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या नावाच्या आधी, ज्या माणसाकडून गाणं घेतलंत त्याचं नाव आणि गाव लिहा.