दुर्बीण बंद न ठेवता

नागापूरच्या एमआयडीसीतून नगर शहर ओलांडून कल्याण रस्ता धरला, टाकळी ढोकेश्वर मागे टाकलं आणि आळेफाट्याला डावीकडे वळलं, की नारायणगाव येतं. तिथून आत खोडद. या भागातल्या शेतांमधून ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशा उभ्या आहेत. चौदा जवळजवळ, बाकीच्या सोळा तीन फाट्यांवर दूरवर पसरलेल्या. टोकाटोकातलं अंतर २५ किलोमीटरपर्यंत जातं. हीच टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चची (टीआयएफआर) जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण.

एवढ्या मोठ्या डिशा पत्र्याच्या केल्या असत्या तर खर्च झेपला नसता. दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी बारीक स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी ताणून बसवली. रेडिओलहरी लांब, जाळीची भोकं लहान. त्यामुळे लहरी परावर्तित होतात, वारा मात्र आरपार जातो. तो फारच चढला, तर डिशांची तोंडं आकाशाकडे करून त्या थांबवतात.

ही दुर्बीण कुणा एकाची नाही. देशोदेशीचे संशोधक वर्षातून दोनदा प्रस्ताव पाठवतात, समिती छाननी करते आणि निरीक्षणाचे तास वाटून देते. दुर्बीण सुधारायचं ठरलं तेव्हा पंचाईत झाली ती इथेच. यंत्र वर्षभर बंद ठेवलं, तर रांगेतल्यांनी काय करायचं?

म्हणून जुनी यंत्रणा चालू ठेवून तिच्या शेजारी नवी उभी केली. डिशा त्याच राहिल्या. लहरी टिपणारी फीड, रिसीव्हर आणि सगळ्या डिशांचे संदेश एकत्र करणारे संगणक नवे आले. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा टिपता यायचा, तो आता ४०० पर्यंत गेला.

पट्टा रुंदावला तसा गोंगाटही आत आला. एफएमच्या लहरी ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये असतात. दुर्बिणीचे नवे पट्टे १२० च्या आसपास सुरू होतात, म्हणून रेडिओ केंद्रांचा त्रास तेवढा वाचला म्हणायचा! मोबाइल, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या, उपग्रह यांच्याशी मात्र रोजचा सामना आहे.

फायदा कसला? पल्सार म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओलहरींचे ठोके देणारे तारे; त्यांचे ठोके मोजणारा भारतीय गट डिशांचे दोन भाग पाडून एकाच वेळी दोन पट्ट्यांत निरीक्षण करतो. लहरींना वाटेतल्या वायूमुळे होणारा उशीर त्यातून नेमका काढता येतो. जून २०२३ मध्ये अशाच ठोक्यांवरून अतिशय कमी वारंवारतेच्या गुरुत्वीय लहरींचे पुरावे मांडणाऱ्या युरोपीय गटाच्या कामात ही खोडदची मोजमापंही होती.